'हलू नका' म्हणणारा माणूस

मित्रांनो, मला दोन डोळे आहेत, एकाच्या वर एक. वरच्या डोळ्याने पाहायचे आणि खालच्या डोळ्याने ठेवायचे, एवढेच माझे काम. मी एक जुना कॅमेरा आहे. आता माझ्या खालच्या भिंगाला आतून बुरशी धरली आहे, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक, आणि अंगावरचे चामडे कोपऱ्याकोपऱ्यांतून सुटले आहे. सेकोंडी बंदराच्या खाऱ्या वाऱ्यात जन्म घालवल्यावर दुसरे काय होणार? पण मी माझे रडगाणे गायला बसलो नाही. मला कोबिना सागोविषयी सांगायचे आहे. मी त्याच्याइतके कुणालाच ओळखले नाही, आणि माझी भीतीही त्याच्याइतकी कुणाला वाटली नाही.

माझा जन्म दूर जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तिथे पांढरा अंगरखा घातलेल्या एका म्हाताऱ्याने माझी भिंगे घासली, फुंकर मारली आणि उजेडाकडे धरून पाहिली. पुढे हात बदलत बदलत मी इंग्लंडमधल्या एका बंदरावरच्या जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडलो. कोबिना तेव्हा विशीतला होता. त्याचा देश नुकताच स्वतंत्र झाला होता, देशाचे नवे नौदल उभे राहत होते, आणि निशाणांची नि दिव्याची भाषा शिकायला त्याला तिकडे पाठवले होते. तो पावसात दुकानाच्या काचेला नाक लावून उभा राहिला. आत आला, माझे झाकण उघडले आणि वरून वाकून माझ्यात पाहिले. माझ्यात जग उलटे दिसते. डावे उजवीकडे जाते, उजवे डावीकडे. त्याने डावा हात हलवला आणि काचेवरचा हात दुसऱ्याच बाजूने हललेला पाहून तो लहान पोरासारखा हसला. त्या दिवसापासून मी त्याच्या गळ्यात.

गस्तीच्या जहाजावर आम्ही दोघांनी मजेत दिवस काढले. खलाशी घरी पाठवायला फोटो काढून घेत. कुणी पांढरी टोपी तिरकी करी, कुणी आचाऱ्याची कढई हातात धरून कप्तानाचा आव आणी. सगळ्यांत पुढे असे फीफी एशुन. फीफी आणि कोबिना एकाच गल्लीत वाढलेले. फीफीला क्षणभर स्वस्थ बसता येत नसे. त्याचा एकही फोटो धड आला नव्हता. कधी हात चार दिसत, कधी दातांची नुसती पांढरी रेघ.

एका ढगाळ संध्याकाळी कोबिनाने सगळ्यांना कठड्याशी उभे केले. उजेड कमी होता. अशा वेळी माझी झडप जरा जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. जहाज डुलत होते, कोबिनाचा हातही डुलत होता.

"हलू नका रे!" तो ओरडला.

"जहाजाला सांग," फीफी म्हणाला आणि सगळे हसले.

कोबिनाने फोटो धुतला आणि तो बराच वेळ बघत राहिला. माणसे हलली होती, हे ठीक. कठडाही हलला होता, मागची दोरखंडे हलली होती, समुद्र तर नुसता राखाडी फराटा झाला होता. एकटा फीफी मात्र जागचा हलला नव्हता. त्याच्या सदऱ्याचे टाके मोजता आले असते. डोळ्यांत उजेडाचा ठिपकाही दिसत होता.

"बघा, बघा!" फीफीने फोटो साऱ्या जहाजभर नाचवला. "मी एकटा माणूस आलोय. तुम्ही सगळी भुतं!"

त्याच आठवड्यात वादळी लाट डेकवरून गेली आणि जाताना फीफीला घेऊन गेली. तो सापडला नाही. आईच्या हाती द्यायला कोबिनाजवळ तो फोटो तेवढा होता.

मित्रांनो, मी यंत्र आहे. उजेड आत येतो तो मी धरतो. त्या संध्याकाळी मी काही वेगळे केले नाही. पण तेव्हापासून माझे झाकण उघडताना कोबिनाची बोटे जरा थांबत.

नोकरीची मुदत भरल्यावर त्याने समुद्राला पाठ दाखवली आणि सेकोंडीत बाजाराच्या रस्त्यावर एक गाळा घेतला. दारावर पाटी रंगवली : 'निश्चल पाणी फोटो स्टुडिओ'. कोळी लोक पाटी वाचून हसत. "एवढी वर्षं समुद्रावर होता आणि निश्चल पाणी म्हणे! कुठं बघितलं याने?"

त्याच गाळ्यात त्याचे लग्न झाले म्हणा ना. शेजारी मासे भाजून विकणारी एकुआ पासपोर्टचा फोटो काढायला आली. फोटो चांगला आला नाही म्हणून भांडली, दुसऱ्यांदा काढून घ्यायला आली, पुन्हा भांडली. लग्नाच्या दिवशीही भांडली, कारण नवरा फोटोत उभाच राहीना. फीफी गेल्यापासून तो कुठल्याही कॅमेऱ्यापुढे उभा राहिला नव्हता. त्यांच्या लग्नाच्या फोटोत एकुआ एकटीच आहे, ठसक्यात, कमरेवर हात ठेवून. नवरा माझ्या मागे होता.

धंदा चांगला चालला. बारशाची बाळे, शाळेतले वर्ग, चर्चची गायक मंडळी, सगळे आमच्याकडे येत. पण कोबिनाचे खरे नाव झाले ते मेलेल्या माणसांच्या फोटोंमुळे. सेकोंडीत माणूस गेला की त्याला न्हाऊ घालून, भारी वस्त्रे नेसवून, पितळी पलंगावर झालरींच्या मधोमध निजवतात. कधी खुर्चीत बसवतात. नातलग रांगेने येऊन बोलून जातात. त्या वेळचा फोटो घरात कायमचा राहतो. कोबिनाने काढलेला माणूस आत्ता बोलेल असा वाटे. लोक लांबलांबून त्याला बोलावत.

तो खोलीत शिरे, तिपाई लावी, माझ्यात वाकून पाही आणि सवयीने म्हणे, "हलू नका." हे तो मेलेल्यालाही म्हणे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू येई, मग ते हसू विरून जाई. कारण त्या दोन शब्दांसरशी रडणाऱ्या बायकाही थिजत, पंखा घालणारा हात थांबे, आणि साऱ्या खोलीत मेलेला कोण नि जिवंत कोण हे निदान मला तरी क्षणभर कळेनासे होई. फोटो धुतल्यावर कळे. जिवंत माणूस कितीही सावरून बसला तरी श्वास घेतो. त्याच्या कडा किंचित पुसट येतात. मेलेला स्वच्छ येतो.

म्हणूनच अधूनमधून अंधारखोलीत कोबिनाचा हात थबके. लाल दिव्याखाली पाण्यात कागद हलवताना एखादा जिवंत माणूस स्वच्छ वर येई. अगदी स्वच्छ. निवृत्तीच्या समारंभातले एक शाळामास्तर तसे आले. एका नवरीची आजी तशी आली. दोघेही फार दिवस राहिले नाहीत.

त्याने एकुआला सांगितले तेव्हा ती मासे उलटत होती. तिने वर पाहिले नाही.

"मास्तरांचं वय काय होतं?"

"म्हातारे होते."

"आणि आजी?"

"तीही."

"म्हातारी माणसं मरतात, कोबिना. तुझे किती तरी स्वच्छ फोटो रोज बाजारात माझ्याशी घासाघीस करतायत. त्यांना मोजतोस कधी? तू मेलेलेच मोजतोस."

तरी त्याला झोप लागत नसे.

मग जोजो टांडोची नवी होडी आली. जोजो तिशीतला, रुंद छातीचा, आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर बाजारात ऐकू यावी. त्याच्या आईने, अबाने, आयुष्यभर मासे विकून त्या होडीचे लाकूड घेतले होते. निळा-पिवळा रंग दिलेल्या होडीपुढे जोजो आणि त्याचे चार साथीदार उभे राहिले. धुळीचे वारे सुटले होते, सूर्य पितळी थाळीसारखा फिका झाला होता. वाऱ्याने माझी तिपाई थरथरत होती.

"हलू नका," कोबिना म्हणाला. मी झडप उघडली आणि मिटली.

फोटो धुतला तो मंगळवारी. अंधारखोलीत एवढी शांतता पसरली की बाहेरून एकुआने दार वाजवले. "काय झालं?"

त्याने ओला कागद तिच्यापुढे धरला. साथीदार हलले होते. मणामणाच्या लाकडाची होडी हलली होती, तिच्यावरची रंगीत अक्षरे दोन-दोन दिसत होती. त्यांच्यापुढे जोजो उभा होता, कोरून काढल्यासारखा.

या वेळी एकुआने वय विचारले नाही. तिने हात पदराला पुसले. "सांगितलंस तर लोक तुला चेटक्या म्हणतील. नाही सांगितलंस तर तू मला रात्रभर झोपू देणार नाहीस. जा, सांगून ये."

मंगळवारी आमच्याकडे समुद्राची विश्रांती. कुणी होडी लोटत नाही. सगळे किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करत बसले होते. कोबिनाच्या गळ्यात मी होतो.

"आले फोटोवाले पापा! फोटो आणलात?" जोजोने फोटो हिसकावून घेतला. "अरे बघा रे, मी एकटा नीट आलोय. तुम्ही सगळे दारू पिऊन उभे होतात की काय?"

"फोटोत तरी नीट उभा राहतोस," एक साथीदार म्हणाला. "दोर ओढायची वेळ आली की कुठं असतोस?"

"जोजो," कोबिना म्हणाला, "उद्या जाऊ नकोस."

मग त्याने फीफीची गोष्ट सांगितली. जाळ्यांवरची बोटे थांबली. जोजोही थोडा वेळ फोटोकडे पाहत राहिला. नंतर त्याने खांदे उडवले.

"म्हणजे सरळ उभा राहिलो हा माझा गुन्हा? लहानपणापासून आई ओरडतेय, सरळ उभा राहा, सरळ उभा राहा. आता तिला काय सांगू?"

"एकच दिवस थांब."

"आणि परवा? परवा तुम्ही म्हणाल, अजून एक. पापा, तुम्ही सरकारचा भात खाऊन समुद्रावर होतात. मासा लागो न लागो, पगार चुकत नव्हता. आमचं तसं नाही. नवी होडी किनाऱ्यावर बसवून ठेवली तर आई मलाच भट्टीवर ठेवून भाजेल."

सगळे हसले. कोबिना हसला नाही. तो म्हणाला, "मग मी येतो तुमच्याबरोबर."

ज्या माणसाने इतकी वर्षे घोट्यापलीकडे पाण्यात पाय घातला नव्हता तो पहाटे होडीत चढला. कमरेला दोर, अंगात नौदलातले जुने तरंगते जाकीट. एकुआने घरातून निघताना मला उचलून स्वतःच्या गळ्यात घातले. मला वाटले, माझ्यावर माया आली. पण ती माझ्याकडे बघून पुटपुटली, "तुला घरात एकट्याला ठेवून जायचा धीर होत नाही मला."

आम्ही दोघे दिवसभर वाळूत बसून राहिलो. अबाही येऊन बसली. तिला कुणी काही सांगितले नव्हते, तरी तिने टोपल्या उगाच तीनदा लावल्या आणि तीनदा मोडल्या.

आणि होडी आली! दूरवरूनच गाणे ऐकू येत होते. समुद्र दिवसभर तेलासारखा शांत राहिला होता, जाळी फाटतील एवढे मासे लागले होते, आणि गाणे कोबिनावरच रचले होते. जाकीट घालून आला, माशांना भिववून गेला, असे काहीतरी. कोबिना ओलाचिंब, खवल्यांनी माखलेला, मोठमोठ्याने हसत उतरला. मी त्याला तसे हसताना पाहिले होते ते त्या पावसातल्या दुकानात. त्याने जोजोला घट्ट मिठी मारली. जोजो म्हणाला, "सुटलात पापा. आता झोपा."

होडी वर ओढली. बायका माशांवर तुटून पडल्या. जोजो धापा टाकत होडीला टेकून वाळूत बसला, पाय पसरून.

"जोजो, टोपली धर," अबा म्हणाली. "जोजो! बास झाली नाटकं. ऊठ."

तो समुद्राकडे बघत होता. चेहऱ्यावर हसू होते. कपाळावरून एक माशी उतरली, डोळ्याच्या कडेशी आली आणि तिथेच बसली. त्याची पापणी मिटली नाही.

कोबिना धावला. त्याने गळ्याशी बोटे लावली, छाती चोळली, गालावर चापट्या मारल्या. एकुआच्या छातीवर लटकलेला मी सगळे पाहत होतो. जन्मभर माणसांना 'हलू नका' सांगणारा तो माणूस वाळूत गुडघे टेकून एकच शब्द म्हणत होता.

"हल. जोजो, हल ना. हल."

नंतर आमच्या गाळ्यापुढून जाताना लोक रस्ता ओलांडू लागले. आया पोरांची तोंडे पदराने झाकत. कोबिनाने मला पेटीत घातले आणि पेटी कपाटावर ठेवली. तेव्हा अबा आली. तिने दारात चपला काढल्या नाहीत, बसली नाही.

"ते यंत्र घे आणि चल. माझ्या मुलाला पलंगावर ठेवलंय."

"अबा, मला सांगू नका. दुसऱ्या कुणाला तरी—"

"गाव म्हणतं, याने माझा मुलगा नेला. मी तो फोटो बघितलाय. त्याच्या हनुवटीवरचा व्रण दिसतो त्यात. लहानपणी माझ्या सुरीवर पडला होता तो. मीसुद्धा विसरले होते. माझ्या मुलाला एवढं नीट कुणीच बघितलं नव्हतं, कोबिना. उचल ते."

त्याने उचलले. त्या दिवशी मी जोजोला शेवटचे पाहिले. कोबिना तिपाईमागे उभा राहिला, माझ्यात वाकला, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. कुणी 'हलू नका' म्हटले नाही म्हणून सगळी खोली हुंदक्यांनी हलत राहिली.

त्यानंतर मी बंद पेटीत गेलो. मित्रांनो, पेटीतला काळोख अंधारखोलीसारखा नसतो. तिथे काहीच वर येत नाही. बाहेरून आवाज तेवढे येत. कोबिना आता फोटोंच्या चौकटी बनवी, काच कापी, पासपोर्टसाठी एक छोटा नवा कॅमेरा वापरी. हळूहळू लोक विसरले. जे विसरले नाहीत ते गेले. रंगीत फोटोंची मोठी दुकाने शेजारच्या ताकोराडी शहरात निघाली. गाळा चालला, संसार चालला, मुले मोठी होऊन शहरांत गेली. एक भांडण मात्र तसेच राहिले.

"तू गेलास की चौकात दफनाचा फलक लागेल, त्यावर काय लावू?" एकुआ विचारी. "तुझी टोपी?"

"टोपी चांगली आहे."

"नवरा होता की खुंटी, असं विचारतील लोक मला."

एका दुपारी पेटीचे झाकण उघडले. समोर एकुआचा चेहरा होता, सुरकुतलेला. तिने कुठून तरी रोल मिळवला होता. कोबिनाला इतकी वर्षे रोल भरताना बघून तिचे हात शिकले होते. ती मला पोटाशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. कोबिना मक्याच्या केंकीचा गोळा पानातून सोडवून, भाजलेला मासा शितोच्या तिखटात बुडवून खात होता. तिखट जास्त लागले, तो नाक पुसत स्वतःशीच हसला, आणि तिने कळ दाबली.

माझा आवाज त्याने लगेच ओळखला. हातातला घास तसाच राहिला.

"काय केलंस तू?"

"नवऱ्याचा फोटो काढला. गुन्हा आहे?"

"रोल दे."

"नाही देत."

"एकुआ, मग निदान धुऊ नकोस. मी असेपर्यंत धुऊ नकोस."

तिने कबूल केले. पुढचे काही आठवडे तो घरात जरा जास्तच हलत असे. बसल्या जागी पाय हलवी, बोटे वाजवी, उगाच मान फिरवी. ती पाहून न पाहिल्यासारखे करी. मग एका सकाळी तो उठला नाही. वय झाले होते. झोपेतच गेला.

मला पोटाशी धरून ती ताकोराडीला फोटोच्या दुकानात गेली. मला कळत होते तिला काय विचारायचे आहे. जर तो स्वच्छ आला असेल, तर त्या दुपारी दारात उभी राहून तिनेच ती कळ दाबली होती.

गल्ल्यावरच्या बाईने लिफाफा उघडला आणि तोंड वाकडे केले. "मावशी, फोटो हललाय हो. कॉम्प्युटरवर नीट करून देऊ का?"

"काय काय हललंय?"

"सगळंच की. ताट, टेबल, दार."

"आणि तो?"

"तो तर सगळ्यांत जास्त! नाक पुसत होते का हे?"

एकुआ तिथल्याच बाकावर बसली. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. गल्ल्यावरची बाई घाबरून पाणी घेऊन आली.

"नीट करू नकोस," एकुआ म्हणाली. "हाच मोठा करून दे. फलकावर लावायचाय."

"मावशी, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. श्वास घेताना दिसतोय तो."

नौदलाची माणसे पांढऱ्या गणवेशात आली, रिवाजाप्रमाणे शिट्टी वाजवून त्यांनी त्याला निरोप दिला. चौकातल्या फलकावर पुसट चेहऱ्याचा एक म्हातारा हसत होता. लोक थबकत, डोळे बारीक करून बघत. वारा पडलेला असतानाही तो हलल्यासारखा वाटतो, असे कुणीतरी म्हणाले. फलक उतरवीपर्यंत मुले त्या बाजूने एकटी जात नसत.

मी काय पाहतो, मित्रांनो, ते मला अजून माहीत नाही. फीफीचे, जोजोचे मरण मी आधी पाहिले की त्यांना फक्त पाहिले, हे मी खूप विचार करूनही सांगू शकत नाही. आता मी एकुआच्या खिडकीत असतो. ती रोज माझ्यावरची धूळ पुसते आणि माझे झाकण मात्र उघडत नाही.

तुमच्यापाशी माझे एकच मागणे आहे. तुमच्या घरात कुठेतरी असा एखादा फोटो असेल, ज्यात कुणाचा हात दोनदा आला आहे, कुणाचे डोके पुसट झाले आहे, कुणी हसता हसता निसटले आहे. बिघडला म्हणून तो फेकू नका. तो चांगल्या चौकटीत घालून भिंतीवर लावा.